कॅम्परव्हॅनची चाकं: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

व्हॅन आली. आत नुसता पत्रा; हिच्यात राहायची-झोपायची सोय करून कॅम्पर बनवायची. आज एकही हत्यार बाहेर काढलं नाही; टॉर्च, चिंधी आणि वही घेऊन चारही टायर आणि स्टेपनी वाचून काढली. टायरच्या बाजूवर जे छापलेलं असतं त्यातलं निम्मंही विकणारा सांगत नाही.

पुढची जोडी: २३५/६५ आर १६ सी, ११५/११३ आर.
मागची जोडी: २३५/६५ आर १६, १०३ एच.

रुंदी तीच, २३५ मिलिमीटर. उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १६ इंची. दुरून पाहिलं तर चारही एकाच माळेचे मणी. फरक त्या 'सी'चा (मालवाहू व्हॅनच्या टायरची खूण) आणि पुढच्या आकड्यांचा. ११५ हा भारांक म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १२१५ किलो. तिरक्या रेघेनंतरचा ११३ हा जोडचाकांसाठी, म्हणजे एकाच बाजूला दोन टायर शेजारी शेजारी असतील तर प्रत्येकी ११५० किलो. आपल्याकडे एकेरी चाकं, त्यामुळे पहिला आकडा आपला. मागच्या टायरवरचा १०३ म्हणजे ८७५ किलो. शेवटचा 'आर' म्हणजे ताशी १७० किलोमीटरपर्यंत, 'एच' म्हणजे २१०. थोडक्यात मागे चढवलेले टायर मोठ्या कारचे आहेत: पळायला तगडे, ओझं वाहायला अशक्त. व्हॅनला २१० चा वेग काय कामाचा?

दाराच्या खांबावरची पाटी, वजनाच्या मर्यादा सांगणारी: एकूण ३५०० किलो, पुढचा एक्सल १८००, मागचा २२५०. मागचे दोन टायर मिळून १७५० उचलतात. म्हणजे एक्सलला जेवढं झेपतं त्यापेक्षा टायर ५०० किलोने कमी. रिकामी व्हॅन यावर खुशाल फिरली असेल. कोणाला काही जाणवलंही नसेल.

तारखेचे आकडे: पुढे ११२१, म्हणजे २०२१ चा ११ वा आठवडा. मागे ३४१६. स्टेपनी ४८१४. स्टेपनीची नक्षी नव्यासारखी, रबर मात्र दहा वर्षांचं. तिला नखाने दाबलं तर खाचेच्या तळाशी बारीक भेगा उघडतात.

१० फेब्रुवारी

ठरलं: नवे टायर शेवटी घ्यायचे, आत्ता नाही. काम चालू असताना व्हॅन महिनोन्‌महिने एका जागी उभी राहणार. रबरात ओझोनपासून बचाव करणारी जी रसायनं आणि मेण घातलेलं असतं, ते टायर फिरताना, वाकताना पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या टायरला ते मिळत नाही. वरून ऊन, खालून एकाच ठिकाणी वजन. नवे टायर या अवस्थेत ठेवून म्हातारे का करायचे? तोवर जुने राहू देत. व्हॅन हलवायची ती फक्त वजनकाट्यापर्यंत आणि परत, सावकाश.

१६ फेब्रुवारी

रिकाम्या गाडीचं वजन. डिझेलची टाकी भरलेली, आत कोणी नाही. पुढचा एक्सल ११८०, मागचा ८४०, एकूण २०२०.

ट्रकच्या काट्यावर आकडा १० किलोच्या पायरीने सरकतो, एवढं सैलपण धरूनच चालायचं. पद्धत अशी: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची बेरीज दुसऱ्याशी जुळली पाहिजे. काट्याचा पाट आणि आजूबाजूची जमीन एका पातळीत नसेल तर ती जुळत नाही. आज जुळली.

३५०० उणे २०२०. उरले १४८० किलो. ऐकायला ऐसपैस. पण यात माणसं, पाणी, सामान, सगळंच आलं.

२ मार्च

दिवसभर लाकडाला हात न लावता कागदावर वजनं मांडत बसलो. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण टायरचं भवितव्य इथेच ठरतं.

बर्चचं १२ मिलिमीटर प्लायवूड चौरस मीटरला साधारण ८ किलो, १८ मिलिमीटरचं १२ च्या आसपास. ओटा आणि कपाटं १८ ची करायची सवय सुताराच्या हाताला असते. घरात ठीक आहे, गाडीत प्रत्येक फळीमागे दीडपट वजन. दर्शनी भाग १२ चे, पाठीमागचे ६ चे, असं ठरवलं. १०० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी ३० किलोच्या घरात जाते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेटची साधारण १२. पाण्याला कसली पळवाट नाही: १०० लिटर म्हणजे १०० किलो.

खरी गंमत जागेची आहे. पाण्याची टाकी सगळ्यात मागे, पलंगाखाली ठेवायचा मोह होतो, कारण तिथे जागा रिकामी असते. माझ्या व्हॅनच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३.६ मीटर. टाकी मागच्या एक्सलच्याही मागे ०.९ मीटरवर बसली तर तरफेचा हिशोब लागतो: १०० × (३.६ + ०.९) ÷ ३.६ = १२५. म्हणजे १०० किलोच्या टाकीने मागच्या टायरवर १२५ किलो चढतात आणि पुढच्या टायरवरचे २५ किलो उतरतात. मागचे टायर दमतात आणि पुढचे, ज्यांनी वळायचं असतं आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलायचा असतो, ते हलके होतात. एका टाकीने दोन्ही एक्सलचं नुकसान.

हीच टाकी मागच्या एक्सलच्या १ मीटर पुढे आणली तर मागे ७२ किलो, पुढे २८. एकाच टाकीत ५३ किलोचा फरक, तोही फुकट. बसायच्या बाकाची मापं त्यासाठी बदलावी लागली. बदलली.

१६ मार्च

जमिनीची फ्रेम, थर्मल इन्सुलेशन, तळाचं प्लायवूड. टायरशी संबंध एवढाच की प्रत्येक तुकडा बसवण्याआधी तागडीवर ठेवून वहीत लिहिला.

३० मार्च

टपावर सोलरची पॅनल. काचेची पॅनल एकेक ६-७ किलोची, वर रॅकचं वजन. वजन म्हणून फार नाही, पण उंचीवर आहे. वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या टायरवर जास्तीचा भार जातो, आणि गुरुत्वमध्य जितका वर तितका तो जास्त. म्हणून टपावर पॅनल आणि पंखा सोडून काहीही नाही. टपावर पेटी लावायचा विचार होता, तो कायमचा बाद.

१२ एप्रिल

स्टेपनी.

ही गाडीखाली, मागच्या बाजूला साखळीने टांगलेली. सांडपाण्याची टाकी बरोबर त्याच पोकळीत बसेल असं वाटत होतं. बसलीही असती. पण मग स्टेपनी खाली उतरवायला टाकीचे पट्टे सोडायचे, तेही पंक्चर झालेल्या, एका बाजूला झुकलेल्या गाडीखाली आडवं पडून. सांडपाण्याची टाकी आडवी करून बाजूला घेतली.

साखळीचा हूक गंजलेला होता, तेल देऊन मोकळा केला. जॅक गाडीबरोबर आलेला, रिकाम्या व्हॅनला पुरेल असा. चेसिसवरच्या ठरलेल्या जागेखाली लावायला तीन टनी बाटली-जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड प्लायवूडची चौकोनी पाटी घेतली. मऊ जमिनीत बाटलीचा बूड रुतत जातो आणि गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. तीन टनी म्हणजे पूर्ण गाडी उचलायची असं नव्हे, उचलायचा एकच कोपरा. पण हलका जॅक शेवटच्या दोन इंचांत थरथरतो आणि ते बघवत नाही.

१४ एप्रिल

एका मित्राचा आग्रह: २४५/७५ आर १६, जाड गोळ्यांचे ऑल-टेरेन टायर लाव, गाडी रुबाबदार दिसेल. रुबाब नाकारत नाही. हिशोब केला. आताच्या टायरचा व्यास ७१२ मिलिमीटर, त्याने सुचवलेल्याचा ७७४. जवळजवळ ९ टक्के मोठा. मीटरवर ६० दिसत असेल तेव्हा गाडी ६५ ने जात असणार. गिअर तेवढे लांब होतात, म्हणजे भरलेल्या गाडीला चढणीवर आणखी खालचा गिअर. ब्रेकला मोठ्या व्यासाचं, जड चाक थांबवायचं. पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीला घासेल का, हे वेगळंच. कच्च्या रस्त्यावर, चिखलात रोजचं जाणं असेल त्याने या सगळ्याची किंमत मोजावी. माझा रस्ता बहुतांश डांबरी आहे. मूळ मापच राहील.

४ मे

टायर निवडायचा दिवस. सूत्र ठरलेलं: टायर पाटीवरून निवडायचा, हवा काट्यावरून ठरवायची. आज गाडीचं वजन काहीही असो, एक्सलची मर्यादा २२५० आहे तर टायरच्या जोडीने ती पूर्ण उचलली पाहिजे. निम्मे ११२५. भारांक ११२ म्हणजे ११२०, पाच किलोंनी कमी. ११३ म्हणजे ११५०, चालेल. मूळ कंपनीचा ११५ हाच या मापात सर्रास मिळतो, तोच घ्यायचा.

प्रकार तीन समोर होते.

'सी' म्हणजे मालवाहू व्हॅनचा टायर. बाजूची भिंत जाड, आतला सांगाडा जास्त दाब पेलणारा. 'सीपी' हा खास कॅम्परसाठी काढलेला. कॅम्पर कायमच भरलेली असते आणि वर्षातले बरेच महिने हलत नाही, हे धरून तो बांधलेला असतो. एकेरी चाकांच्या मागच्या एक्सलवर त्यात ५.५ बार, म्हणजे जवळपास ८० पीएसआय हवा भरायची पद्धत आहे. तिसरा 'एलटी', अमेरिकी हलक्या ट्रकांचा. त्यात भाराची श्रेणी अक्षराने सांगतात: सी म्हणजे ५० पीएसआय, डी म्हणजे ६५, ई म्हणजे ८०. इथला 'सी' आणि रिमच्या मापानंतरचा 'सी' यांचा एकमेकांशी संबंध नाही. विकणाराही इथे गडबडतो, म्हणून अक्षरावर न जाता भारांकाचा आकडा वाचायचा. आकडा खोटं बोलत नाही.

माझी गाडी पाटीच्या मर्यादेपर्यंत भरणार नाही आणि 'सीपी' माझ्या मापात सहज मिळत नाही. 'सी' घेतले. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. पुढची जोडी २०२१ ची, अजून चांगली होती. तिच्यातला एक स्टेपनीसाठी ठेवला. मागचे नऊ वर्षांचे झाले होते. नक्षी ५ मिलिमीटर शिल्लक होती, कायदेशीर किमान बहुतेक देशांत १.६. नक्षी बघून कोणीही 'अजून दोन वर्षं सहज' म्हणालं असतं. घराच्या कारला पाच-सहा वर्षांत टायर झिजून जातात, म्हणून वयाचा प्रश्नच येत नाही. कॅम्पर धावते कमी, उभी राहते जास्त. तिचे टायर झिजण्याआधी वाळतात. बऱ्याच वाहन कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. टायर कंपन्यांतल्या काहींचं म्हणणं: पाचानंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासा, दहाव्या वर्षी नक्षी कितीही उरली असली तरी काढून टाका. मी सहा धरणार.

दुकानात मिळालेल्या चारही टायरवर ०७२५ किंवा ०९२५. उतरवून घेण्याआधी वाचून घेतलं.

१० मे

टायर चढवले. बघण्यासारख्या गोष्टी टायरपेक्षा रिमवर होत्या.

व्हॉल्व्ह. ट्यूबलेस कारला लागतो तो साधा रबरी व्हॉल्व्ह जास्तीत जास्त ६५ पीएसआयसाठी असतो. पाटीवर मागची हवा ६५ लिहिली आहे. म्हणजे रबरी व्हॉल्व्ह अगदी काठावर. टायर बसवणारा नव्या टायरबरोबर तेच रबरी लावायला निघाला होता. चारही ठिकाणी नटने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह लावायला सांगितले. नंतर हवेचा दाब सांगणारे सेन्सर लावायचे आहेत, त्यांचं वजन रबरी देठाला वाकवत राहतं; तेही कारण होतंच.

रिम. लोखंडी, मूळ कंपनीचे. मिश्रधातूचे झकपक रिम घ्यायचे असतील तर त्यावर कोरलेला भार बघायचा. तोही टायरइतका हवा, नाहीतर साखळीतली कमजोर कडी तिथे.

नट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळले. हवेच्या बंदुकीने फट्‌फट् आवळून दिलेले नट रस्त्यावर हाताने सुटत नाहीत, आणि आट्यांना तेल लावून आवळले तर तोच टॉर्क नटाला भलतंच ताणतो. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेंच लावायचा.

नायट्रोजन भरायचा का, असं विचारलं. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. नको म्हटलं.

१८ मे

पूर्ण भरलेल्या गाडीचं वजन. पाणी काठोकाठ, डिझेल भरलेलं, गॅस, कपडे, भांडी, पुस्तकं, आणि दोघं आपापल्या जागी बसलेलो. हे सगळं भरल्याशिवाय केलेलं वजन म्हणजे स्वतःचीच समजूत.

या वेळी डावी-उजवीही मोजली. पद्धत: फक्त डावी चाकं काट्यावर, उजवी बाहेर जमिनीवर, आधी पुढचं डावं, मग दोन्ही डावी, मग मागचं डावं. एक्सलच्या आकड्यातून वजा केलं की उजवी बाजू मिळते.

पुढे: डावं ६९०, उजवं ६७०. एक्सल १३६०.
मागे: डावं ९१०, उजवं ७९०. एक्सल १७००.
एकूण ३०६०.

मर्यादेत सगळं. ३५०० ला ४४० कमी, मागच्या एक्सलला ५५० कमी. काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी देऊन 'बरोबर आहे' म्हटलं.

पण जुने टायर असते तर? त्या जोडीची क्षमता १७५०, एक्सलचं वजन १७००. कागदावर ५० किलो शिल्लक. आणि डावं मागचं चाक मात्र ८७५ च्या टायरवर ९१० किलो घेऊन धावलं असतं. एक्सलची बेरीज हे लपवते. भार एक्सलवर मोजतात, टायर मात्र एकेकटा फुटतो. त्यामुळे नुसत्या एक्सलच्या चिठ्ठीवर कोणी 'माझी गाडी मर्यादेत आहे' म्हणालं तर मी पुढचा प्रश्न चाकाचाच विचारणार.

डावी बाजू जड का? ओटा डावीकडे, पाण्याची टाकी डावीकडे, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर डावीकडे. तारा आणि नळ आखूड राहावेत म्हणून सगळं एकाच भिंतीला लागत गेलं. बहुतेक कॅम्परमध्ये हेच होतं.

१९ मे

बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि हत्यारांची पेटी उजव्या भिंतीखाली नेली. मिळून ५० किलोच्या आसपास. तारा लांबल्या, म्हणून एक माप जाड घेतल्या. पुन्हा काट्यावर: मागे डावं ८७०, उजवं ८३०. बास. याहून बारीक जुळवाजुळव करण्यात अर्थ नाही. एक माणूस पलंगावर दुसऱ्या बाजूला सरकला तरी आकडे बदलतात.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो. भरल्यावर गाडी मागून थोडी बसली. पाट्यांना मदत म्हणून हवेच्या पिशव्या लावता येतात, गाडी पुन्हा समतल दिसते, चालवायलाही बरी वाटते. पण त्याने एक्सलची क्षमता एक किलोनेही वाढत नाही, टायरची तर नाहीच. उलट गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून माणूस आणखी भरतो.

२५ मे

हवा.

टायरच्या आत भार पेलते ती हवा. रबर आणि तारा म्हणजे तिला धरून ठेवणारं भांडं. टायरवर छापलेले १२१५ किलो हे पूर्ण दाबाला आहेत. दाब उतरला की तेवढ्या प्रमाणात ते किलोही उतरतात. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याची उष्णता आतच साठते, आणि रबराचा थर खालच्या पोलादी पट्ट्यांपासून सुटू लागतो. वेग, ऊन आणि वजन तिन्ही एकत्र आले की तो सोलून निघतो. हे अचानक घडल्यासारखं दिसतं, पण तयारी खूप आधीपासून चाललेली असते.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले, ते अशाच थर सुटण्याच्या अपघातांमुळे. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. दोष टायरच्या बनावटीचा की फोर्डने सुचवलेल्या २६ पीएसआय दाबाचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत त्यावर कायदा झाला आणि २००७ पर्यंत तिथल्या नव्या कारमध्ये व हलक्या व्हॅनमध्ये हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली.

माझा निर्णय: पुढे ५२, मागे ६५, दोन्ही पाटीवरचेच. टायर कंपनीच्या कोष्टकात माझ्या वजनाला यापेक्षा कमी दाबही चालतो, आणि तसं केलं तर भांडी कमी वाजतील हे खरं. पण पाणी, सामान, सोबतची माणसं बदलत राहणार, कोष्टकातला आकडा दर वेळी कोण काढणार? हवा थोडी जास्त असेल तर गाडी कडक चालते आणि नक्षी मधोमध आधी झिजते. कमी असेल तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. एका एक्सलवर दोन्ही टायरना सारखीच हवा, आणि ती जड बाजूच्या चाकाला पुरेल इतकी.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी काही तास उभी असताना, ऊन लागण्याआधी. मागचे टायर सकाळी १५ अंशांना ६५ वर भरले तर दुपारी ३५ अंशांना उभ्या उभ्याच ७० च्या वर जातात. धावून ६० अंशांपर्यंत तापले तर ७७ च्या आसपास. हा आकडा बघून घाबरून हवा सोडणारे खूप आहेत. सोडायची नाही, सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा. छापलेला दाब थंड टायरचाच असतो आणि हा चढ टायर बनवताना धरलेला असतो.

उलटही लक्षात ठेवायचं: पारा ५-६ अंशांनी उतरला की ६५ च्या टायरमध्ये दीड पीएसआय कमी होतो. ऋतू बदलला की हवा बघायची.

१ जून

व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे सेन्सर लावले. अमेरिकी नियमानुसार गाडीतली यंत्रणा दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की दिवा लावते. ६५ च्या २५ टक्के उतरल्यावर ४९ उरतात. भरलेल्या कॅम्परला ४९ पर्यंत वाट बघणं मला पटत नाही. माझी घंटा ५७ ला लावली. तापमानाचीही घंटा आहे. एक चाक बाकीच्या तिघांपेक्षा सतत गरम दिसलं तर संशय टायरवर नाही, चिकटलेल्या ब्रेकवर किंवा बेअरिंगवर.

८ जून

भरलेल्या गाडीची पहिली लांब फेरी. नट पुन्हा तपासले. एक नट जरासा फिरला, बाकी घट्ट. मागचे दोन्ही टायर थांबल्यावर ७४ आणि ७३. जवळजवळ सारखे, म्हणजे भार सारखा वाटला गेलाय.

ब्रेक लागायला रिकाम्या व्हॅनपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं, हे पहिल्या उतारावरच कळलं. वेग ८० वरच धरला.

२२ जून

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली, गाडी भरलेली असताना. रिकाम्या गाडीवर जुळवलेले कोन भरल्यावर सरकतात आणि पुढच्या टायरची एक कड आतून झिजत जाते. दुकानदाराला सामान काढून आणतो म्हणायचं नाही, तसंच आत घ्यायला सांगायचं.

६ जुलै

पंक्चरची पेटी भरली.

कंप्रेसर: सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा पंप कारच्या ३५ पीएसआयला ठीक. ६५ पर्यंत जाताना तो तापून बंद पडतो. बॅटरीला थेट चिमटे लावायचा, मोठ्या सिलिंडरचा घेतला. प्रेशर गेज वेगळं, कंप्रेसरवरच्यावर विश्वास नाही. भोक बुजवायच्या रबरी दोऱ्या आहेत, पण त्या फक्त नक्षीच्या मधल्या पट्ट्यातल्या भोकासाठी, आणि तेही पुढच्या गावापर्यंत. तिथे टायर उतरवून आतून ठिगळ आणि खुंटी दोन्ही लावायची. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा बाजूच्या भिंतीत असेल तर टायर गेला. बाटलीतलं फेसाळ द्रव घेतलं नाही. ते कारच्या टायरसाठी मापलेलं असतं, आणि आतून ठिगळ लावणाऱ्याला नंतर सगळी चिकट साफसफाई.

टायर फुटलाच तर करायचं ते दोघांनीही एकमेकांना म्हणून दाखवलं: ब्रेक दाबायचा नाही, स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, गाडी स्वतःच्या वेगाने मंदावू द्यायची आणि मगच कडेला. मागचा टायर फुटल्यावर जोरात ब्रेक मारला तर शेपूट पुढे यायला बघतं.

२० जुलै

उभ्या काळासाठीची सोय. चारही चाकांना जाड कापडी झाकणं, टायरखाली कोरडे रबरी मॅट, हवा पूर्ण ६५ आणि ५२. महिन्यातून एकदा सुरू करून थोडं फिरवायचं. ते जमलं नाही तर निदान चाकं पाव फेरा पुढे सरकवायची. स्टेपनीवर पेंटने तारीख घातली, म्हणजे गाडीखाली वाकून न बघता कळेल.

उरलेलं काम: उजव्या बाजूची गुंडाळायची सावली-छत्री. ३० किलोच्या जवळपास, तीही उंचावर, बाहेरच्या बाजूला. मागच्या चाकांतला ४० किलोचा फरक तिने जवळजवळ मिटेल असं कागदावर दिसतंय. ती चढली की पुन्हा काट्यावर.